पूजा झालेला पंप

आई म्हणायची, हा जन्मला तोच मुठी आवळून. सगळीच पोरं तशी जन्मतात. पण बाकीच्यांच्या मुठी पुढे सुटतात आणि माझ्या सुटल्या नाहीत, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. धाकट्या भावाला मी लहानपणी इतकं मारलंय की आता आठवलं तर माझाच हात जड होतो. सायकलवरून मारलं, पतंगावरून मारलं, एकदा तर तो झोपेत हसला म्हणून मारलं. तो उलटून कधी आला नाही. आईने अंगावरचा वळ पाहून विचारलं की म्हणायचा, पडलो. आईला हे पोरगं फार पडतं असंच वाटायचं, किंवा तसं वाटून घेणं तिला बरं पडत असावं.

मी पाईप फिटर आहे. वरवंडला हायवेच्या कडेला माझं छोटं वर्कशॉप आहे. पंप बसवणं, त्याला ओढणारा आणि फेकणारा पाईप जोडणं, हेच काम. भाऊ माझ्याबरोबर असतो. दोन लेकरांचा बाप झालाय, तरी मी चार माणसांत त्याच्यावर खेकसतो आणि तो खाली मान घालून पाना पुसत राहतो.

हे काम मी शिकलो शिरूर तालुक्यात, एका कंपनीत पाइपिंग करणाऱ्या कंत्राटदाराकडे. तिथे एक म्हातारे फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ओढणारा पाईप जाड हवा, आखूड हवा, मध्ये कुबड नको, कारण कुबडात हवा बसते आणि हवा बसली की पंप नुसता भुंकतो, ओढत नाही. पाईप आपापल्या पायांवर उभे पाहिजेत, पंपाच्या गळ्यात लोंबकळता कामा नयेत. हे सगळं मामांनी शिकवलं. आणि एक गोष्ट ते रोज सांगायचे. पाइपाची चकती, म्हणजे फ्लॅन्ज, पंपाच्या फ्लॅन्जसमोर अशी आली पाहिजे की बोल्ट दोन बोटांनी आत जावा. हातोडी घ्यायची वेळ आली तर पाईप कापायचा आणि नवा करायचा.

"जोर लावून बसवलं तर जोर कुठं जात न्हाई," मामा म्हणायचे. "त्यो तिथंच दबा धरून बसतो. आन् जो कुनी पुढं सोडाया येतो, त्याच्या अंगावर येतो."

त्या कामावरून मला काढलं. एका हेल्परने दोन फ्लॅन्जमधलं पॅकिंग वाकडं कापलं म्हणून मी त्याच्या पाठीत पाना घातला होता. मामा गेटपर्यंत आले. "हात चांगला हाय तुजा," म्हणाले, "पर त्यो तुज्या ऐकण्यात न्हाई." मी त्यांना नमस्कारही न करता निघून आलो.

राहूच्या शिवारात एका आबांचं गुऱ्हाळ आहे. आबांचा गावात शब्द चालतो. सोसायटीच्या निवडणुकीत ते ज्याच्या ओट्यावर चहा घेतात तो निवडून येतो, असं लोक म्हणतात. त्यांच्या गुऱ्हाळावर उसाचा रस पहिल्या काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळायचा आणि तो उकळता रस माणसं डबे भरभरून दुसऱ्या काहिलीत ओतायची. आदल्या हंगामात एकाची मांडी भाजली, तेव्हा आबांनी ठरवलं की रस पंपाने न्यायचा. त्यांनी मला बोलावलं.

तिथला गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते नजरेने ओळखणारा कारागीर, उत्तर प्रदेशातला होता. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. आमच्याकडे अशा माणसाला भय्या म्हणतात आणि त्याला काही नाव असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही.

काम सोपं होतं. पहिल्या काहिलीच्या बुडाची तोटी चुलवाणाच्या विटांच्या भिंतीतून बाहेर काढायची, तिला रस बंद-चालू करायचा कॉक, तिथून तीन इंची पाईप पंपापर्यंत, आणि पंपापासून दोन इंची पाईप वर दुसऱ्या काहिलीत. मी तोटी आणि कॉकपर्यंतचा पाईप भिंतीत पक्का केला. पंपाच्या ओट्यावर खडूने खुणा केल्या, बोल्टांची भोकं ठेवली आणि बाकीचे तुकडे वेल्डिंग करायला वरवंडला आलो. येताना आबांना बजावलं की मी आल्याशिवाय पंप ओट्यावर ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि भाऊ पाईप घेऊन गेलो, तर पंप ओट्यावर विराजमान. मोटरीला झेंडूचा हार, अंगावर हळदकुंकवाची बोटं, पुढे फोडलेल्या नारळाचं पाणी. बोल्ट सिमेंटने भरून टाकलेले. सकाळी आठचा मुहूर्त होता, भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, म्हणून गुऱ्हाळावरच्या माणसांनी पंप उचलून ठेवला आणि पूजा उरकली. माझ्या खडूच्या खुणेपासून पंप दोन बोटं बाजूला होता आणि तोंडही जरासं फिरलेलं होतं.

"आबा, पंप सरकलाय. फोडून परत बसवावा लागंल," मी म्हणालो.

"आता कसा हलंल त्यो? पूजा झालीया त्याची. पूजा झालेली वस्तू जागची हलवत न्हाईत."

"मग पाईप कुठं लावू?"

"मिस्त्री तू हायस का मी?" आबा म्हणाले. "उद्या पयला गूळ निघायचाय. सगळ्या गावाला सांगून बसलोय. तुला जमत नसंल तर तसं सांग, दुसरा बघतो."

एवढं पुरे होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. भाऊ हळूच म्हणाला, "दादा, पाईप कापू. मी वरवंडला जाऊन वेल्डिंगचा सेट घिऊन येतो. सांच्यापातूर हुईल."

त्याचं बरोबर होतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, फार तर तेवढ्यापुरती आबांची बोलणी खावी लागली असती. पण मला त्या हार घातलेल्या पंपाचा राग आला होता, आबांचा आला होता आणि भाऊ बरोबर बोलला याचा सगळ्यात जास्त आला होता. मी म्हणालो, "पंप भटजीनं बसवायचा आन् पाईप मी कापायचा व्हय?" आणि गाडीतून चेनपुली काढली.

चेनपुलीचं एक टोक मी गुऱ्हाळाच्या लोखंडी खांबाला अडकवलं, दुसरं कॉकला जोडलेल्या पाइपाला, आणि साखळी ओढायला लागलो. पाईप आधी हलेना. मग भिंतीतल्या विटांतून भुगा गळायला लागला. लोखंड कण्हायला लागलं. मी दात खाऊन ओढत राहिलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. समोर कुणीतरी आहे, तो येत नाही म्हणतोय आणि मी त्याला केस धरून फरफटत आणतोय, असं वाटत होतं. फ्लॅन्जची भोकं समोर आल्यावर त्यात टोकदार पहार घालून पिळली आणि बोल्ट हातोडीने आत ठोकले. चारही. शेवटचा बोल्ट आत गेला तेव्हा त्याचे आटे सोलले होते. नट फिरवताना पाना दोनदा सटकला आणि माझी बोटं फुटली. चेनपुली सोडल्यावर पाईप जागेवर राहिला, कारण त्याला जायला जागाच नव्हती.

भावाने पाइपावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताण हाय ह्याच्यात."

"तुला कुनी इचारलं?" मी हातातला पाना त्याच्या पायाकडे फेकला. तो नडगीवर बसला. भाऊ क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, मग त्याने पाना उचलला, पुसला आणि पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंपाने रस असा ओढला की बघत राहावं. गाव जमलं होतं, लोकांनी गरम गूळ खाल्ला. आबांनी मला आणि भावाला टॉवेल-टोपी दिली. भय्याला गुळाचा खडा दिला, जो त्याने स्वतःच केलेला होता. मी टोपी घालून फोटो काढला आणि मनात म्हणालो, मामा, बघा, बसला की नाही.

आठवड्याने आबांचा फोन आला, पंप ओढत नाही. रसातून चिपाडाचे धागे जात असणार आणि पंपाच्या तोंडाशी अडकले असणार, हे मला फोनवरच कळलं. आम्ही सकाळीच पोचलो. चरक डिझेल इंजिनवर धडधडत होता, उसाच्या मोळ्या आत जात होत्या, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. भय्याने काहिलीखालचा कॉक बंद केला. मी भिंतीवरच्या पेटीपाशी गेलो, पंपाची मोटर बंद केली आणि कुणी चुकून चालू करू नये म्हणून चिनीमातीचे तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले. ही मामांची सवय. पेटी भय्याच्या रोजच्या उभं राहायच्या जागेशेजारीच होती. फ्यूज काढून मी मागे गाडीकडे गेलो, नवं पॅकिंग आणायला. भाऊ पंपापुढे उकिडवा बसला आणि बोल्ट सोडायला लागला.

भावाचं ओरडणं मी चरकाच्या वरून ऐकलं. त्याचा असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. एवढं मारूनही तो माझ्यापुढे कधी ओरडला नव्हता.

धावत आलो तर उकळता रस जमिनीवर पसरला होता आणि वाफेत काही दिसत नव्हतं. तिसरा बोल्ट निघाल्यावर आटे सोललेला चौथा आपणहून सुटला होता. पाईप सुटून भावाच्या उजव्या हातावर बसला होता, त्या धक्क्याने कॉकचं पॅकिंग फाटलं होतं आणि काहील त्याच्या अंगावर रिकामी व्हायला लागली होती. भय्या त्या रसात अनवाणी उतरला होता. त्याने भावाला काखेत धरून ओढलं, फरफटत थंड पाण्याच्या हौदापाशी नेलं आणि त्याचा हात खांद्यापर्यंत पाण्यात बुडवला. हात कोपराखाली जिथे वाकू नये तिथे वाकला होता. मी पाइपाकडे पाहिलं. तो माझ्या खडूच्या खुणेवर जाऊन थांबला होता, जिथे पंप असायला हवा होता तिथे.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कळलं नव्हतं असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, पण ते खोटं आहे. कळलं, आणि ते कळणं मला सहन झालं नाही. समोर भावाला धरून बसलेला भय्या दिसला.

"ह्यानं मोटर चालू केली," मी ओरडलो.

आणि पहिली चपराक मीच मारली. हाताच्या तळव्याने, पूर्ण ताकदीने, डाव्या कानावर. तो हौदाच्या कडेवर आदळला. मी त्याला कॉलर धरून उठवला आणि परत मारला. चरकावरची माणसं आली, आबांचा पुतण्या आला, कुणी काय झालं ते विचारलं नाही. मिस्त्री म्हणतोय मोटर चालू केली, मग केलीच असणार. एकाने ऊस उपसून त्याच्या पाठीवर मोडला. एकाने पोटात लाथ घातली. पुतण्या केस धरून त्याचं डोकं जमिनीवर घासत होता. भय्याचे भाजलेले पाय चिखलात घसरत होते. तो हात डोक्यावर धरून "नहीं किये, नहीं किये" एवढंच म्हणत होता. मी वाकून मारत होतो आणि वाकलो की खिशातले फ्यूज एकमेकांवर वाजत होते. चरक चालू असतानाही ते मला ऐकू येत होते. मोटर चालू होणंच शक्य नव्हतं, त्याचा पुरावा माझ्याच छातीवर वाजत होता आणि मी मारत होतो.

आबांनी शेवटी हाका मारून सगळ्यांना बाजूला केलं. मरंल त्यो, म्हणाले. भावाला पिकअपमध्ये घातलं. मी चढत होतो तेव्हा मागून शर्ट ओढला गेला. भय्या होता. एका हाताने त्याने कान दाबून धरला होता, बोटांतून रक्त येत होतं. दुसऱ्या हाताने त्याने तिन्ही फ्यूज माझ्या पंजात ठेवले.

"मिस्त्री, आपका गिर गया था," तो म्हणाला आणि लंगडत मागे गेला.

वरवंडच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, म्हणून दौंडला नेलं. हातात स्टीलची पट्टी घालून हाड जोडलं, कातडीचं नंतर बघू म्हणाले. दोन बोटं बहुतेक मिटणार नाहीत, हेही सांगितलं. दवाखान्यात कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, कुणीतरी मोटर चालू केली. हे मी तीनदा सांगितलं, तीन वेगळ्या माणसांना, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ नीट शुद्धीवर आला. पाणी प्याला. मग छताकडे बघत म्हणाला, "मोटर बंद हुती, दादा."

मी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"बोल्ट सुटताना पाईपच आला. मला दिसला येताना." त्याने मान माझ्याकडे वळवली. "भय्याला का मारलं? त्यानंच मला वढलं ना भायेर?"

"रागात मारलं गेलं."

"लहानपणी तू मारायचास, तवा मी आईला सांगायचो, पडलो. म्हाईत हाय ना तुला?"

"हाय."

"ह्या बारीला मी पडलो न्हाई," भाऊ म्हणाला. एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला त्याने शिवी दिली असती, थुंकला असता, तर मी सहन केलं असतं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि रडलो. माझ्या रडण्याला तिथे कुणी विचारलं नाही, दवाखान्यात सगळेच रडत असतात.

तिसऱ्या दिवशी मी राहूला गेलो. वाटेत ठरवलं होतं की भय्याला एकटं गाठायचं आणि हळू आवाजात सांगून मोकळं व्हायचं. चारचौघांत सांगायची काही गरज नाही, त्याला कळल्याशी मतलब, अशी मनाची समजूत घातली. गुऱ्हाळ चालू होतं. पंप हारासकट तसाच होता, हार वाळला होता. माणसं पुन्हा डब्यांनी रस ओतत होती. भय्या पायांना फडकी बांधून काहिलीशी उभा होता. आबांनी त्याला ठेवून घेतलं होतं. माफ केलं म्हणून नाही. भर हंगामात दुसरा गुळव्या मिळत नाही म्हणून. मला बघून कुणीतरी त्याला शिवी दिली, माझ्या वतीने.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "भय्या, मोटर बंद थी. गलती मेरी थी."

तो झाऱ्याने मळी काढत राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मला राग आला. त्या वेळीसुद्धा आला. मी एवढ्या लांबून आलो, वाकलो, आणि हा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. हात वळायला लागला होता, तोच त्याने मान फिरवली आणि दुसरा कान माझ्याकडे केला.

"उस कान से सुनाई नहीं देता, मिस्त्री," तो म्हणाला. "इधर से बोलिये. और ज़ोर से बोलिये, चरखा चल रहा है."

मी चपराक मारली होती तोच तो डावा कान होता.

मी त्याच्या उजव्या कानाशी परत बोललो. त्याने मान हलवली, नाही. अजून मोठ्याने बोललो. नाही. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं की तो मला सोडणार नव्हता, ते मी आजही सांगू शकत नाही. मी इंजिनपाशी गेलो आणि चरक बंद केला. ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला. सगळी माणसं वळून बघायला लागली. आबा बाजेवरून उठले.

"चरक कुनी बंद केला रं?"

"मी केला, आबा," मी म्हणालो. "त्या दिशी मोटर बंद हुती. फ्यूज माज्या खिशात हुते. पाईप मी जबरदस्तीनं वढून बसवला हुता, त्यो सुटला. ह्यानं कायबी केलं न्हाई. ह्यानं माज्या भावाला वाचिवलं. आन् मला सगळं म्हाईत असून मी ह्याला मारला. तुम्हालाबी मारायला लावलं."

ज्याने भय्याच्या पाठीवर ऊस मोडला होता तो हातातल्या मोळीकडे बघत राहिला. आबांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टोपी काढून परत घातली.

"अब सुनाई दिया," भय्या म्हणाला, आणि काहिलीकडे वळला, कारण गूळ उतरायला आला होता.